आठ चाळीसचं वळण

बुधवार, २४ सप्टेंबर १९८६. सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटांनी कुंभार्ली घाट उतरणारी एक पांढरी अँबेसिडर आपली डावी बाजू सोडून एकाएकी उजवीकडे गेली आणि दरीच्या काठापासून हातभरावर थांबली. त्याच क्षणी खालून एक मोटरसायकल वर येत होती. ती नंतर दिसली नाही.

गाडीत तिघं होती. स्टिअरिंगवर जमाल मुकादम, वय एकेचाळीस, खेडला जगबुडी नदीच्या काठच्या मोहल्ल्यात राहणारा. मागे मुंबईहून आलेले आत्माराम खातू आणि त्यांची बायको मालन. नवराबायको त्या वेळी डावीकडच्या धबधब्याकडे बघत होती. तिकडे बघा, असं जमालनंच त्यांना सांगितलं होतं.

"काय हो, काय झालं?" मालनबाईंनी पुढची सीट घट्ट धरली होती.

"काही नाही ताई. वासरू आडवं आलं. गेलं."

रस्त्यावर समोर धुकं इतकं दाट होतं, की बॉनेटच्या पुढचं काही दिसत नव्हतं. जमालला जे दिसलं ते एवढंच: समोर एक पिवळा दिवा, त्याच्यामागे काहीतरी निळं फडफडणारं आणि एक लांबलेला हॉर्न. मग दिवा नव्हता. त्या ठिकाणी पावसाळ्यात कठडा ढासळला होता. चार हात जागा मोकळी होती आणि तिथं नुसते चुना लावलेले दगड मांडून ठेवलेले होते. मोटरसायकलवाला गाडी आणि डोंगर यांच्या मधल्या फटीतून निसटून वर गेला असेल, नाहीतर त्या चार हातांतून खाली. वर जाणाऱ्या इंजिनाचा आवाज येतो का म्हणून जमालनं कान दिले. पण धबधबा इतका कोसळत होता, की त्याला स्वतःच्या गाडीचं इंजिन बंद पडलेलंही कळलं नव्हतं.

त्यानं चावी फिरवली, गाडी मागे घेतली, डावीकडे आणली आणि उतार धरला. तो खाली उतरला नाही. एक कुकारासुद्धा घातला नाही.

कुकाऱ्याची गोष्ट तासाभरापूर्वीचीच होती. आत्मारामराव तीस वर्षं बोटीवर भांडारपाल होते. अर्धं जग त्यांनी बंदरांतून पाहिलं होतं. एकदा बोट दुरुस्तीला लागली तेव्हा स्पेनमध्ये त्यांना दोन दिवस मिळाले आणि एका बसनं त्यांना आतल्या डोंगरात नेलं. खोल घळी, कड्याच्या टोकाला चिकटलेली पांढऱ्या घरांची गावं, खाली बारीक नदी. बसमध्ये सगळे 'वा वा' करत होते आणि आत्मारामराव मनात म्हणत होते, की यात काय, आमच्या चिपळुणाच्या डोक्यावर हेच आहे, नुसतं चुना फासायचं बाकी आहे. घरी आल्यावर त्यांनी बायकोला वचन दिलं, तुला आपलं दाखवीन. वचन पुरं करायला निवृत्ती यावी लागली. बेतही मग बोटीवरच्यासारखाच आखला: साडेपाचला खेडहून निघायचं, घाट चढायचा, कड्यावरच्या वाड्या बघायच्या, पोफळीला चहा, मग दापोली, आणि सूर्य मावळायच्या आत होडीनं खाडी ओलांडून आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला. प्रत्येक ठिकाणाची वेळ आणि किलोमीटरचा दगड ते एका लांबट वहीत टिपत होते. सवय जात नाही.

घाटमाथ्यावर धुकं जरा फाटलं तेव्हा पलीकडच्या कड्यावर कातळवाडीची पाचसहा कौलं दिसली. मालनबाई म्हणाल्या, "अगं बाई, तिथं माणसं राहतात? त्यांना काही लागलं तर?"

"कुकारा घालतात ताई," जमाल म्हणाला. त्यानं दोन्ही तळवे तोंडाशी धरले आणि लांब हाळी दिली, "कूऽऽऽ." दरीत ती घुमली, विरली. जरा वेळानं तशीच एक परत आली.

"अहो, कोणीतरी ओ दिली! पण ही तर खालनं आली."

"खालनं नाही, वरनंच. दरीत फिरून येते म्हणून तसं वाटतं. एक लांब घातला म्हणजे सगळं ठीक. लागोपाठ दोन घातले म्हणजे या, माणूस पाहिजे."

"आणि ओ आलीच नाही तर?"

"ओ येतेच ताई. ऐकलं आणि दिली नाही, असा माणूस घाटात नाही."

तळवे खाली घेताना जमालला दिसलं, की डाव्या मनगटावरचा काळा दोरा नाही. पहाटे गाडी धुताना तो कुजून तुटला होता आणि त्यानं खिशात टाकला होता, बांधायचा राहिला. तो दोरा रझियानं, त्याच्या बायकोनं, बांधला होता. ताईत नव्हता, नजर लागू नये म्हणूनही नव्हता. जमाल नऊ वर्षं मस्कतला पाण्याचा टँकर चालवत होता. तिकडे स्टिअरिंग डावीकडे आणि गाड्या रस्त्याच्या उजव्या अंगानं. परत आल्याला चार महिने झाले होते. सरळ रस्त्याला काही अडचण नव्हती. अडचण होती अचानक काही समोर आलं तर. तेव्हा डोकं विचारायच्या आत हात उजवीकडे जायचा. दोनदा तसं झालं होतं, दोन्ही वेळा रस्ता रिकामा होता. दुसऱ्यांदा रझिया गाडीत होती. तिनं घरी आल्यावर दोरा बांधला आणि म्हणाली, "ही आपली बाजू. दिसला की आठवेल." गाडीचे मालक रावजीशेट यांना यातलं काही सांगितलेलं नव्हतं.

आता घाट उतरताना जमाल एका हातानं खिशातला दोरा चाचपत होता. थांबून एक कुकारा घातला असता तर कळलं असतं. ओ आली नसती तरीही कळलं असतं. म्हणूनच घातला नव्हता, हे त्याला पहिल्या वळणावर समजलं, दुसऱ्या वळणावर पटलं, आणि तरी त्यानं गाडी थांबवली नाही.

आठ अठ्ठावन्नला गाडी पोफळीच्या फाट्यावर हौसाच्या टपरीशी लागली. हौसा चाळिशीची, कमरेला पदर खोचलेली बाई. घाटातली प्रत्येक गाडी आणि गाडीतलं माणूस तिला नावानं ठाऊक.

"आज तोंड का उतरलाय, जमालभाई? मस्कतची आठवण आली काय?"

"हौसाबाई, आता वर मोटरसायकल कोण गेली?"

"काशीराम फिटर. त्याच्याशिवाय कोण जाणार एवढ्या धुक्यात? चा प्यालान, दोन बटर बुडवून खाल्लान, निळा प्लास्टिक अंगावर घेतलान नि गेला. सव्वाआठ झाले असतील. का? काय घेऊन पळाला काय तुमचा?"

जमालनं हिशेब केला. सव्वाआठ, चढ, धुकं, राजदूत मोटरसायकल. आठ चाळीसला ते वळण बरोबर येत होतं.

खातू जोडपं बाकावर बसलं होतं. आत्मारामराव वहीत लिहीत होते. हौसानं चहा ठेवला. जमाल त्यांच्यासमोर उभा राहिला. पेला त्यानं घेतला नाही.

"साहेब, ते वासरू नव्हतं."

"काय?"

"वळणावर. वासरू नव्हतं. मोटरसायकल होती. मी उजवीकडे गेलो. तो वर गेला की खाली, ते मी बघितलं नाही."

आत्मारामरावांनी पेन बंद केलं, खिशाला लावलं, परत काढलं. "बघितलं नाही म्हणजे? तुम्ही उतरला नाहीत?"

"नाही."

"मग गेला असेल वर. गेलाच असेल. हे बघा जमाल, नसत्या शंका काढू नका. आम्ही काही पाहिलेलं नाही. पोलीस, पंचनामा, कोर्ट... आम्ही दोन दिवसांसाठी आलेली माणसं."

"अहो," मालनबाई म्हणाल्या, "वहीत काय लिहिलंत ते वाचा."

"वहीचा काय संबंध?"

"वाचा म्हणते ना."

आत्मारामरावांनी वाचलं नाही. मालनबाईंनीच वही ओढून घेतली आणि डोळ्यांपासून लांब धरली. "आठ चाळीस. दगडाच्या पुढे साधारण दोनशे पावलं. धबधबा, डावीकडे, उत्तम. गाडी एकदम उजवीकडे. हॉर्न. – हॉर्न तुम्ही ऐकलात. वासराला हॉर्न नसतो, तुमच्या स्पेनमध्येसुद्धा."

 स्टोव्ह तेवढा फरफरत होता. पान फाडायला एक क्षण पुरला असता, आणि तिघांच्याही मनात ते एकाच वेळी आलं असावं, कारण तिघंही वहीकडेच बघत होती. मग आत्मारामरावांनी ती मिटली आणि काखेत धरली.

"तिकडे उजवीकडून चालतात," ते हळूच म्हणाले. "मस्कतला. हो ना? बोटीवरनं उतरलो की रस्ता ओलांडताना मीही चुकीच्या बाजूला बघायचो. दोनदा वाचलोय." मग उठून म्हणाले, "गाडी वळवा."

हौसानं स्टोव्ह विझवला आणि न विचारता पुढच्या सीटवर येऊन बसली.

नऊ वीसला चौघं त्या वळणावर उभी होती. रस्त्यावर काच नव्हती, तेल नव्हतं, टायरची खूण असलीच तर पावसाच्या भुरभुरीत धुऊन गेली होती. चुना लावलेल्या दगडांपैकी एक आडवा पडला होता. तो आधीपासून पडलेला होता की नाही, हे कोणालाच सांगता येईना. जमालनं तोंडाशी हात नेले, तेव्हा हौसानं त्याचा दंड धरला. "हितं नको. धबधब्यात काय ऐकू येत नाय. खालच्या वाकणावर चल." शंभर पावलांवर तिनंच कुकारा घातला. लागोपाठ दोन. मग परत दोन. धुक्यातून पाण्याचाच आवाज येत राहिला.

नऊ पन्नासला पोफळीच्या वीज प्रकल्पाच्या वसाहतीतून वर कोयनानगरला, काशीरामच्या कामाच्या ठिकाणी, फोन लागला. काशीराम फिटर आलेला नव्हता. पण त्याची पाळी दोनची होती.

"मग सव्वाआठला निघाला कशाला?" आत्मारामरावांनी विचारलं.

"कातळवाडीला भैन दिल्येली हाय ना, तुळसा," हौसा म्हणाली. "बुधवारचा तिच्याकडे भाकरी खातो नि मंग ड्युटीला जातो. कधी जातो, कधी तिथंच आडवा होतो. साहेबलोक कावतात. गाडी मात्र कुठं ठेवतो ते कोणाला सांगत नाय. पेट्रोल काढून घेतात म्हणून एकेक दिवशी एकेका गोठ्यात लपवतो."

म्हणजे माणूस नसण्याला दोन अर्थ होते आणि मोटरसायकल नसण्यालाही दोन. कातळवाडीला फोन नाही, रस्ता नाही. घाटमाथ्यावरून दोन तासांची पायवाट, मध्ये एक पऱ्या, पावसाळी ओढा. हौसाचा दीर सदू ट्रकनं माथ्यावर गेला आणि साडेदहाला पायवाटेला लागला. निघताना ठरलं ते असं: काशीराम बहिणीकडे असला तर सदू वाडीच्या कड्यावर येऊन एक लांब कुकारा घालणार. नसला तर दोन.

साडेबाराला सदू पोचायला हवा होता. साडेबाराला कुकारा आला नाही. एकला आला नाही. अकरापासून वर जोराचा पाऊस लागला होता आणि पऱ्याला पाणी चढलं असणार, असं सगळे एकमेकांना सांगत होते.

जमाल वाकणावरच्या मोरीवर बसून होता. रस्त्यानं जाणारे थांबत, विचारत, दरीत डोकावत, पुढे जात. एकजण म्हणाला, "मस्कतवाला म्हणजे काय, डोळे तिकडेच ठेवून आला." दुसऱ्यानं त्याला कोपरानं ढोसलं. जमालनं मान वर केली नाही. त्याला एकच गोष्ट हवी होती: निळं प्लास्टिक पांघरलेला, बटर खाल्लेला एक माणूस कुठल्यातरी गोठ्यातून डोळे चोळत बाहेर यावा आणि त्यानं जमालच्या कानफटात मारावी. त्यापुढचं काही त्याला सुचत नव्हतं.

मालनबाई त्याच्याशेजारी येऊन बसल्या. "घरी कळवायचं का कोणाला?"

"काय कळवू ताई? काय झालं, तेच माहीत नाही."

"दोरा द्या इकडे." त्यांनी तो त्याच्या डाव्या मनगटाला बांधला. गाठ मारून टोकं दातानं तोडली. 

दोनला परत फोन झाला. काशीराम पाळीवर हजर नव्हता.

तीनच्या सुमाराला हवालदार आले. त्यांनी वळण पावलांनी मोजलं, पडलेला दगड बघितला आणि जमालसमोर उभे राहिले.

"तुझी बाजू कुठली?"

"डावी."

"मग उजवीकडे का गेलास? प्यायला होतास?"

"नाही."

"झोप लागली?"

"नाही. हात गेला."

"हात गेला म्हणजे?"

जमालनं दोन्ही हात पुढे केले आणि आपल्या हातांकडेच बघत राहिला. आत्मारामरावांनी मध्ये पडून सांगितलं, परदेशात कुठून चालतात, स्टिअरिंग कुठे असतं, नऊ वर्षांची सवय काय असते. बोटीवर चौकशीत सांगावं तसं क्रमानं सांगितलं. मग काखेतली वही काढून हवालदारांच्या हातात दिली. "यात वेळ आहे. माझं अक्षर आहे. सही हवी तर करतो."

"तुम्ही तेव्हाच का नाही थांबवलीत गाडी?"

"मला वासरू वाटलं," आत्मारामराव म्हणाले. नंतर म्हणाले, "वाटून घेतलं."

हवालदारांनी दोन्ही वाक्यं लिहून घेतली.

चारला वसाहतीतले सहाजण दोर घेऊन आले. त्यांच्यातला आप्पा नावाचा बारीक अंगाचा माणूस कमरेला दोर बांधून मोकळ्या चार हातांतून खाली उतरला. चाळीसेक फुटांवर एक टप्पा होता. तिथून त्यानं ओरडून सांगितलं, की कारवी मोडलेली आहे, पण गुरांनीही मोडलेली असू शकेल. वर आला तेव्हा त्याच्या हातात निळं प्लास्टिक होतं. दीड वार असेल. एका कडेला सुतळी ओवायला भोकं पाडलेली, सुतळी नव्हती.

हौसानं ते हातात घेतलं, उलटं करून बघितलं. "असला निळा प्लास्टिक घाटातला प्रत्येक माणूस पांघरतो. एकाच दुकानातला. वाऱ्यानं उडून जातात. माझेच दोन गेले या पावसात."

"पण हे त्याचं आहे का?" हवालदारांनी विचारलं.

"मी काय त्याच्यावर नाव वाचलाय?" ती म्हणाली, आणि ते घडी करून छातीशी धरून उभी राहिली.

टप्प्याच्या खाली दोर पुरत नव्हता. चिपळूणहून लांब दोर आणायला जीप पाठवली. साडेपाचला यायची, ती पावणेसहालाही आली नव्हती. खातूंची दापोली राहिली, आंजर्लं राहिलं. कोणी त्यांचं नावही काढलं नाही. एक ट्रकवाला त्यांना चिपळूणला सोडतो म्हणाला. मालनबाईंनी नुसती मान हलवली.

सहाच्या पुढे पाऊस थांबला. धुकं होतंच, त्यात उजेड कमी होऊ लागला. सगळे खालच्या वाकणावर येऊन थांबले, कारण कुकारा ऐकू येईल अशी तेवढीच एक जागा होती. कोणी बिडी पेटवली तर काडीचाही आवाज मोठा वाटत होता.

सहा वाजून वीस मिनिटांनी कुकारा आला. लांब. एक.

"सदू!" हौसा ओरडली. "एकच घातलान! सापडला! काशीराम भैनीकडे—"

"गप्प," आप्पा म्हणाला. "दुसरा येतोय का बघू."

सगळे थांबले. हवालदारांनी घड्याळ डोळ्यांजवळ नेलं. एक मिनिट गेलं. दुसरा आला नाही.

"सदूचा आवाज एवढा बारीक नाही," दोरवाल्यांपैकी एकजण म्हणाला.

"पावसात भिजलाय, घसा बसला असेल."

"आला कुठनं? मला खालनं आल्यासारखा वाटला."

"दरीत फिरून येतो," मालनबाई म्हणाल्या. मग त्यांनी जमालकडे बघितलं, सकाळी हे त्यानंच त्यांना शिकवलं होतं.

 जमाल कठड्यापाशी गेला होता. एक म्हणजे सापडला. पण दोन घातले असतील आणि एक धबधब्यानं गिळला असेल, तरी इथं एकच येणार. आणि टप्प्याच्या खाली कुठंतरी दिवसभर पडून असलेल्या माणसाच्या अंगात एकाच कुकाऱ्यापुरता दम असेल, तरीही एकच.

सहा पंचविसाला चिपळूणहून आलेल्या जीपचे दिवे खालच्या वळणावर दिसले. त्याच वेळी जमालनं दोन्ही तळवे तोंडाशी नेले. मनगटावरचा दोरा ओला होऊन कातडीला चिकटला होता. त्यानं छाती भरून घेतली आणि सकाळी आठ चाळीसला घालायचा राहिलेला कुकारा घातला.

हवालदारांनी वेळ लिहिली. साडेसहाला, दोर उतरवायला सुरुवात झाली तोपर्यंत, ओ आलेली नव्हती.